माईंच्या पाण्यात मीठ घाला

मंडळी, नमस्कार. मागे उन्हात उभे आहेत त्यांनी पुढे मांडवात या. जागा आहे. माईक काढा तो माझ्यासमोरून, मला लागत नाही. जन्म गेला माझा बंदरावर लिलावात ओरडण्यात.

माझ्याआधी सरपंच बोलले, शाळेचे हेडमास्तर बोलले, सरांचे दोन विद्यार्थी बोलले. चांगलं बोलले सगळे. मला तसं जमणार नाही. मी शेवंता, मासळी खारवणारी, तिसरीतून शाळा सोडलेली. सरांच्या घरी मासळी मीच द्यायची, म्हणून मला उभं केलं. सर गेले, बोलताना मध्येच रडू येईल. आलं तर थांबेन, मग पुन्हा बोलेन. तुम्ही घाई करू नका. घाई मला आहे.

का घाई आहे ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलणं कळेल.

ही माझ्या पाठची भिंत. हिच्या पलीकडे माई झोपल्यात. सरांची बायको. कालपासून त्यांना जुलाब लागलेत. रडून रडून पोटात अन्न नाही, भेटायला येणाऱ्यांची रीघ, कुठलं तरी पाणी बाधलं असेल. सकाळी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई येऊन तपासून गेल्या. त्या म्हणाल्या, अजून घाबरण्यासारखं नाही, पण अंगातलं पाणी चाललंय, ते भरून काढा. ही पाकिटातली पूड पाण्यात कालवून घोट घोट पाजत राहा. लघवी बंद झाली, डोळे आत गेले, ग्लानी आली, तर मला शोधत बसू नका, सरळ गाडीत घाला आणि आणा. पाकिटं देऊन गेल्या.

ती पाकिटं खिडकीत पडलीत. एकही फोडलेलं नाही. का? तर त्यात मीठ आहे. घरात सुतक आहे, दहावं व्हायचंय, आणि माईंनी अळणी धरलंय. त्यामुळे माई नुसतं साखरेचं पाणी पितायत. साखर भरपूर. मीठ नाही.

मी आत गेले मघाशी. म्हटलं, "माई, हे काय चालवलंय?"

माई म्हणाल्या, "शेवंते, एवढी वर्षं त्यांनी सांभाळलं. त्यांच्यासाठी एवढंही नको का करू?"

मी म्हटलं, "अण्णांनी सांगितलं तर घ्याल?"

"भावोजी थोरले. ते म्हणतील तसं."

म्हणून अण्णांकडे गेले. अण्णा म्हणजे सरांचे थोरले भाऊ, मुंबईहून आलेत, हे इथे पुढे बसलेत. अण्णा म्हणाले, "तिची इच्छा आहे गो. मी कसा मोडू? ती म्हणेल तसं."

म्हणजे माई अण्णांकडे बघतात, अण्णा माईंकडे बघतात, आणि पाकिटं खिडकीतून दोघांकडे बघतायत! डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. डोलावून पुढे काय? म्हणून मी हे इथे, सगळ्यांसमोर बोलतेय. कोणाला राग आला तर येऊ दे. सर असते तर याच्यापेक्षा मोठ्याने बोलले असते.

आता सरांबद्दल सांगते.

सर विज्ञान शिकवायचे हे तुम्हाला माहीत आहे. पण ते शाळा सुटली की थांबायचे नाहीत, हे आमच्यासारख्यांना जास्त माहीत आहे. माणूस तसा चिडका. बंदरावर यायचे, ताजं आहे का म्हणून पापलेटच्या कल्ल्यातलं लाल बघायचे, नाक मुरडायचे आणि तरी घ्यायचे. मी उन्हात बांगडे खारवत बसलेली असायची. हातात सुरी, शेजारी मिठाची गोण. आणि हे वर उभे राहून विचारणार, "शेवंते, मीठ तू कोरडं लावलंस. मग टोपलीखाली हे पाणी कुठून आलं?"

मी म्हणायची, "माशातून आलं सर, अजून कुठून येणार?"

"का आलं?"

"मिठाने ओढलं."

"शाबास. मिठाकडे पाणी जातं. लक्षात ठेव."

मला राग यायचा. मी म्हटलं, "सर, हे आमच्या आज्यांना पण माहीत होतं, यात शाबास कसलं?" तर म्हणाले, "माहीत आहे ना? मग वापरायची वेळ आली की विसरू नको म्हणजे झालं."

आणि वेळ आली. ऐका.

माझी सासू तेव्हा होती. पावसाळ्यात दर्या बंद होता, होड्या वर ओढलेल्या. वाडीतल्या विहिरीचं पाणी बिघडलं आणि घरोघरी जुलाब सुरू झाले. सासूला लागले ते थांबेनात. आमच्याकडे पद्धत काय, तर पोट बिघडलं की खाणं बंद, आणि अंगात ताकद राहावी म्हणून साखरेचं पाणी. मी देत होते तांब्यावर तांब्या. गोड मिट्ट. म्हातारी प्यायची आणि तेवढंच खाली जायचं. उलट वाढत होतं.

सर कोणाकडून तरी ऐकून आले. दारातूनच विचारलं, "काय पाजतेस?"

म्हटलं, "साखरपाणी."

"मीठ?"

"मीठ कशाला?"

सर मागे वळले. आमच्या पडवीत मिठाच्या गोणी एकावर एक रचलेल्या. त्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "अगो, अख्ख्या हर्णै बंदरात सगळ्यात जास्त मीठ तुझ्या दारात, आणि सासूच्या पाण्यात नाही?"

मी आपली उठले. गोणीत हात घातला आणि मूठभर मीठ टाकलं पाण्यात. आमच्या हाताला दुसरं माप माहीतच नाही ना! मासळीला लावतो तसं. सरांनी बोट बुडवून चव घेतली आणि थू थू करत बाहेर गेले. तिथून ओरडले, "म्हातारी काय सुकवायची आहे काय?"

हसा, हसा. सरांना चाललं असतं. खाटेवरची म्हातारीसुद्धा हसली होती त्या दिवशी.

मग ते पाणी फेकलं. चूल पेटवली, पाणी उकळलं, निवू दिलं. एक लिटरच्या तांब्याला चहाचे सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा सपाट हवा, डोंगर नाही. मिठाचे खडे आधी कुटून घेतले, कारण खड्याने माप चुकतं. मग सर म्हणाले, "आता चव घे. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये." मी म्हटलं, ते पाणी तर आता हवं तेवढं आहे, चव घेऊन बघते. कारण मी घाबरलेच होते. सासू कशीही असली तरी घरातलं माणूस.

घोट घोट पाजायला लागले. पाजता पाजता मी विचारलं, "सर, चिमूटभर मिठाने असं काय होणार आहे?" झालं. मास्तरला प्रश्न विचारला म्हणजे संपलं. बसले खाटेच्या पायथ्याशी मांडी घालून.

पहिलं त्यांनी दोरीवरचा टॉवेल ओढला. तो दोऱ्यांच्या उभ्या टाक्यांचा जाड टॉवेल असतो ना, तो. म्हणाले, "लहान आतडं आतून असं असतं. गुळगुळीत नाही, असे बारीक बारीक उभे धागे. का? तर जागा वाढावी, जास्त शोषावं म्हणून. आणि या प्रत्येक धाग्याला बाहेरून पेशींचं अस्तर. पेशी म्हणजे एक छोटी खोली समज. खोलीला खोली चिकटलेली, चाळीसारखी. पुढच्या अंगाला आतड्यातलं पाणी वाहतंय, मागच्या अंगाला रक्त वाहतंय. साखरेला पुढून आत शिरून मागून रक्तात जायचंय. आपल्या घरातली साखर ही दोघींची जोडी असते. दारापाशी कातर आहे, ती जोडी तोडते. त्यातली एक ग्लुकोज. आपण तिच्याबद्दल बोलू."

मी म्हटलं, "आणि दुसरी?"

"तिचं दार वेगळं. तुझा भात लागतोय तिकडे, तो बघ आधी." खरंच लागत होता. त्यामुळे दुसरीचं काय होतं ते मला आजही माहीत नाही. विचारायचं राहिलं.

परत आले तर म्हणाले, "ग्लुकोज म्हणजे नवरी. आता नवरी एकटी उंबरा ओलांडते का?"

म्हटलं, "नाही. करवल्या लागतात."

"किती?"

"दोन तरी."

"बरोबर दोन. मिठातून सुटलेले सोडियमचे दोन कण, या तिच्या करवल्या. त्या खोलीच्या पुढच्या दारावर रखवालदार आहे. तो नवरी एकटी आली तर दार फिरवत नाही. दोन करवल्या आणि एक नवरी, असं त्रिकूट आलं की दार आतल्या बाजूला फिरतं आणि तिघी आत. नुसत्या साखरेने काय होतं? नवऱ्या येऊन दाराशी उभ्या, करवल्यांचा पत्ता नाही. जुलाबात त्या सगळ्या वाहून गेल्या. मग नवऱ्यांची गर्दी झाली, आणि साठलेली साखर उलट अंगातलं पाणी आतड्यात ओढून घेते. तू दिवसभर तेच केलंस."

मी म्हटलं, "बरं. करवल्यांना एवढी आत जायची घाई कसली?"

या प्रश्नावर सर खूष झाले. मांडी बदलली. म्हणाले, "खोलीच्या मागच्या अंगाला सासू बसलीय. करवल्या आत आल्या की सासू त्यांना मागल्या दाराने बाहेर काढते. थांबत नाही, सतत काढते. त्यामुळे खोलीत करवल्या कायम कमी. आत मोकळं आणि बाहेर दाटी, म्हणून बाहेरच्या करवल्या आत धावतात आणि धावताना नवरीला हाताला धरून ओढून नेतात. सासूला मात्र या कामाला ताकद लागते, पेशी आपलं अन्न त्यावर खर्च करते. नवरी एकदा आत जमली की तिला मागे स्वतःचं दार आहे, तिथून ती कोणाच्या सोबतीशिवाय रक्तात उतरते. आणि पाणी म्हणजे वऱ्हाड. नवरी आणि करवल्या जिकडे गेल्या तिकडे वऱ्हाड गेलंच पाहिजे."

माझी सासू. खाटेवरून हळूच म्हणते, "म्हणजे सगळं काम सासूच करते तर."

सर म्हणाले, "होय गो म्हातारे. तू हात टेकलेस तर लग्न मोडलं."

"ऐकलंस ना?" म्हातारी मला म्हणाली. "दे अजून पाणी."

पुढे कितीतरी वर्षं ते ऐकवायची मला. भांडण झालं की म्हणायची, सर काय म्हणाले आठव.

ती बरी झाली. लगेच नाही झाली, जुलाब दोन दिवस चालूच होते. सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की हे पाणी जुलाब थांबवायला नाही. पाणी अंगात राहावं म्हणून आहे. रोगात मिठाची इतर दारं बिघडतात, पण हे नवरी-करवल्यांचं दार बहुतेक वेळा चालू राहतं. तेवढ्या एका दारावर माणूस तगतो, तोवर पोट आपलं आपण सावरतं. आणि पेज द्या, भात द्या, उपाशी ठेवू नका. म्हातारी पेज खाऊन उठून बसली आणि माझ्या भांड्यांना नावं ठेवायला लागली, तेव्हा मी ओळखलं, वाचली.

हे सगळं मी आज का सांगितलं? सर मोठे होते हे सांगायला? ते मोठे होते की नाही मला माहीत नाही. चिडायचे, मासळीला नावं ठेवायचे, एकाच गोष्टीवर तास तास बोलायचे. पण माझ्या घरातलं माणूस त्यांनी राखलं. आणि त्यांच्या घरातलं माणूस भिंतीपलीकडे साखरपाणी पीत पडलंय. मी काय इथे हार घालून घरी जाऊ?

अण्णा, आता तुमच्याशी बोलते. तुम्ही मला वडिलांसारखे. मी अळणीला नावं ठेवत नाही. माझ्याही घरात धरतात. माणूस गेलं, जेवणाची चव गेली, ते बरोबरच आहे. आणि सरांनीसुद्धा धरलं होतं. तुमच्या आई गेल्या तेव्हा याच घराच्या पडवीत तुम्ही दोघे भाऊ शेजारी शेजारी पानावर बसलेलात. मी डाळीचं पातेलं घेऊन आलेली, बिनमिठाची डाळ. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, तुम्ही विज्ञानाचे मास्तर, आणि अळणी जेवता?"

सर काय म्हणाले आठवतं तुम्हाला? म्हणाले, "आईसाठी जेवतो. जिभेला कळू दे ती नाही ते. धडधाकट माणसाच्या अंगात मीठ असतं, थोडे दिवस वरून नाही मिळालं तरी आतलं काम अडत नाही. पण हा नेम कोणी आजाऱ्याला लावला, तर मी आईच्या पिंडासमोर उभा राहून भांडेन."

आणि तुम्ही, अण्णा, तुम्ही घास तसाच हातात ठेवून त्यांच्यावर ओरडलात. "आजाऱ्याला कोण लावतोय रे? मी काय कसाई आहे?"

तुमचेच शब्द. मी वाढत होते, मी ऐकलेत.

आज सर भांडायला नाहीत. तुम्ही आहात. तुम्ही तेव्हा जे बोललात, तेच आज आत जाऊन बोला. मी म्हणत नाही माईंना माझं ऐकायला सांगा. डॉक्टरीणबाईंचं पण राहू दे. तुम्ही थोरले, तुमचा शब्द त्यांनी मागितलाय. माई हट्टी नाहीत. त्यांना फक्त कोणीतरी सांगायला हवंय की मीठ घेतलं म्हणून सरांवरची माया कमी होत नाही. ते मी सांगून चालत नाही. मी मासळीवाली. ते त्यांच्या घरच्याने सांगावं लागतं.

माई, तुम्ही पण ऐका. खिडकी उघडी आहे, मला माहीत आहे तुम्ही जाग्या आहात. सरांसाठी काही करायचंय म्हणता ना? ते शिकवायचे ते करा. आयुष्यभर तुम्ही त्यांचं बोलणं ऐकून "पुरे झालं, आता जेवा" म्हणालात. आज एकदा ऐका. बाकी दहावं होईपर्यंत तुम्हाला जे पाळायचं ते पाळा, बरं वाटल्यावर. कोणी अडवणार नाही.

काय अण्णा? मोठ्याने बोला, मागे ऐकू आलं नाही.

"मीच आधी सांगायला हवं होतं" असं नका म्हणू. आल्यापासून लोक तुमच्यापाशी धाकट्या भावाच्या जाण्याचंच बोलतायत, तुमचं डोकं कुठे ठिकाणावर आहे. कोणी तुम्हाला दोष देत नाही. उठा फक्त. काठी द्या रे अण्णांना. पायरी बघा. पाकिटं खिडकीत आहेत, पाणी मी मघाशीच उकळून निववलंय, झाकून ठेवलंय चुलीशेजारी. मोजून एक लिटर आहे. अख्खं पाकीट त्यात घाला, अर्धं नको. आणि वरून साखर घालू नका, माईंनी मागितली तरी. एकदम प्यायला देऊ नका, उलटी होईल. थोडं थोडं.

गेले आत.

मंडळी, आता रिवाजाप्रमाणे शांतता पाळायची. नेहमी आपण उभे राहतो. आज उभे राहू नका, खुर्च्या वाजतात. बसल्या जागी हात जोडा. फोन बंद करा. पोरांना जवळ घ्या. खोकला आला तर पदर लावा तोंडाला. सरांचं नाव मनात घ्या आणि एवढे गप्प बसा, की आतला आवाज इथवर आला पाहिजे.

सर, नमस्कार करते.

श्श. ऐका.

भांड्यात चमचा फिरतोय. अण्णा काहीतरी बोलतायत. माई रडतायत, रडू द्या.

आता थांबला चमचा. कोणी हलू नका. पहिला घोट जाऊ दे.